देह हेच वस्त्र, तर वस्त्रावर वस्त्र कशाला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंची ८४ वर्षांची आजी गेली. आजीचे भाचे पारोळ्याहून माहेरची साडी घेऊन येईपर्यंत सगळे खोळंबले. मग लेकी, सुना, विहिणी अशा सगळ्यांच्या मिळून १२ साड्या अंगावर पडल्या आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी ‘वासांसि जीर्णानि’ म्हणायला सुरुवात केली. ताई विचारतात, देह म्हणजेच आत्म्याने टाकलेलं जुनं वस्त्र असेल, तर टाकलेल्या वस्त्रावर कोरं वस्त्र घालण्यात अर्थ काय? शास्त्रात वस्त्र नक्की कशाची खूण आहे? झाकणं मोठं की उघडं होणं? आणि न्यायच्या आधी उतरवून ठेवलेल्या ११ साड्या घरात पडून आहेत, त्यांचं काय करायचं?

मी चोपडा तालुक्यातला शिंपी. दिवसा मशीन आणि एकादशीला, सप्ताहात, कोणाच्या मरणानंतरच्या गंधमुक्तीच्या विधीला कीर्तन-प्रवचन, असं ३४ वर्षं चाललंय. वारकरी असल्यामुळे माझ्या उत्तराला तो रंग येणारच. किती साड्या टाकायच्या, पहिली कोणाची, कोणता रंग, उतरवायच्या की तशाच ठेवायच्या, हे समाजासमाजात आणि भाऊबंदकीतसुद्धा वेगवेगळं असतं. त्यावर मी बोलणार नाही. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पण तुमची खरी अडचण साडीची नाहीच. शास्त्रं वस्त्राबद्दल दोन उलट गोष्टी सांगतात आणि तुमच्या कानावर त्या दिवशी त्यातली एकच पडली.

आधी तो श्लोक. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला २२वा. माणूस जसा जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा देही जीर्ण शरीरं टाकून नव्यांत जातो. यात टाकणारा कोण? देही. म्हणजे जाणारा. मागे राहिलेल्यांनी त्या टाकलेल्या वस्त्राशी कसं वागावं, याबद्दल श्लोकात अवाक्षर नाही. माउलींची ओवीही बघा: ‘जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे । तैसें देहांतरातें स्वीकारिजे । चैतन्यनाथें ॥’ सगळी ओवी शेवटच्या शब्दावर उभी आहे. चैतन्यनाथ. लक्ष नेसणाऱ्याकडे आहे, कापडाकडे नाही. वेदान्तात म्हणतात ना, दृष्टांत एकदेशी असतो. चंद्रासारखं मुख म्हटलं की डाग शोधायचे नसतात.

आणि कापडाच्या बाजूने विचाराल तर, ३४ वर्षांत जुनं कापड सहज टाकून देणारा माणूस मी फारसा पाहिला नाही. बापाचा कोट घेऊन मुलगा येतो, खांदे दीड इंच आत घ्या म्हणतो. ‘नवीन याच्यापेक्षा स्वस्तात शिवून देतो’ म्हटलं तर ऐकत नाही. एकदा एक बाई नवऱ्याचे तीन सदरे घेऊन आली आणि नातवाला झबली शिवून दे म्हणाली. कॉलरीच्या आतल्या बाजूला घामाचा पिवळा पट्टा होता, तो धुऊनही जात नाही. मी तेवढा भाग कापून बाजूला काढत होतो. ती म्हणाली, राहू द्या. झबल्याला कॉलर नसते, तरी तिने तो तुकडा पदरात बांधून नेला.

तेव्हा देह वस्त्र आहे म्हणजे देह फुकटचा आहे, हा अर्थ श्लोकातून निघत नाही. मीही तो काढत होतो, म्हणून सांगतो.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. जवळच्याच एका गावात विहिरीतली मोटर काढताना २२ वर्षांचा मुलगा गेला. तेराव्याला माझं प्रवचन. मी शिंपी, श्लोक कापडाचा, मला तर कुरणच मिळालं. कापड विरतं कसं, शिवण उसवते कशी, शहाणा माणूस जुन्याला ठिगळं लावत बसत नाही, एकामागून एक लावत गेलो. मुलाची आई भिंतीला टेकून बसली होती, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. मध्येच तिने पदर बाजूला केला आणि म्हणाली, ‘महाराज, मना पोऱ्यानं कापड कोठे जुनं व्हयेल व्हतं?’ (माझ्या पोराचं कापड कुठे जुनं झालं होतं?)

मंडपात कोणी हललं नाही. उत्तर मला पाठ होतं: जीर्ण वयाने ठरत नाही, प्रारब्ध संपलं की ते वस्त्र जीर्ण. शास्त्राप्रमाणे उत्तर बरोबर आहे. पण ते त्या माउलीला द्यायला माझी जीभ उचलली नाही. एक अभंग म्हटला, आरती केली आणि खाली उतरलो. जेवायला बसलो नाही, पाकीटही घेतलं नाही.

घरी येऊन पोथी पुन्हा उघडली, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली. हा श्लोक सांगितला तेव्हा कुरुक्षेत्रावर एकही माणूस पडलेला नव्हता. समोर प्रेत नव्हतं. ज्याला उठून काही करायचं होतं, त्या जिवंत माणसाला उभं करण्यासाठी तो सांगितला गेला. दुःखाच्या घरी मी तो अजूनही म्हणतो, पण लावत नाही. अर्थ सांगायचा असेल तर महिना-दोन महिने जाऊ देतो.

आता मूळ प्रश्न. झाकणं चांगलं की वाईट?

ईशावास्य उपनिषद हातात घ्या. जेमतेम १८ मंत्रांचं. पहिलाच मंत्र ‘ईशावास्यमिदं सर्वम्’. यातला ‘वास्य’ हा शब्द ‘वस्’पासून येतो. राहणं हा त्याचा एक अर्थ, पांघरणं हा दुसरा. वस्त्र, वसन त्यातूनच आले. शंकराचार्य दुसरा अर्थ घेतात, आच्छादनीयम्. म्हणजे या हलत्या जगावर ईश्वराचं पांघरूण घाल. इथे झाकणं ही साधना झाली. आणि त्याच उपनिषदाचा १५वा मंत्र म्हणतो, सोन्याच्या झाकणाने सत्याचं तोंड झाकलं गेलंय; हे पूषन्, म्हणजे सूर्यदेवा, ते तू दूर कर. इथे झाकण हीच अडचण! अठरा मंत्रांच्या आत ऋषी एकदा पांघरूण घाल म्हणतो आणि एकदा झाकण काढ म्हणतो. ही फोड मला अमळनेरला एका निवृत्त प्राध्यापकांनी चहाच्या टपरीवर करून दाखवली. (अमळनेर त्यासाठी योग्यच गाव. ज्या प्रताप शेटजींनी तिथे कापडाची गिरणी चालवली, त्यांनीच १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. सुताचा माणूस आत्म्याच्या चौकशीला लागला, हे मला आपल्या धंद्याचं भूषण वाटतं.)

पंधराव्या मंत्रात आणखी एक बारकावा आहे. झाकण सोन्याचं आहे. माती-शेणाचं असतं तर आपणच काढलं असतं. आणि ऋषी ‘मी काढतो’ म्हणत नाही, ‘तू काढ’ म्हणतो. कोणी घातलं आणि कोण काढणार, हे दोन प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक वस्त्राच्या कथेला विचारतो. बहुतेक गाठी तिथेच सुटतात.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ३८वा श्लोक आहे. काम ज्ञानाला कसा झाकतो? विस्तवावर धूर असतो तसा, आरशावर मळ असतो तसा, गर्भावर वेष्टन असतं तसा. काही टीकाकार यात तीन पायऱ्या पाहतात. धूर वाऱ्याच्या एका झुळकेने जातो. आरसा हाताने पुसावा लागतो. तिसऱ्याला मात्र हातच लावायचा नाही, वेळ भरावी लागते. माउली तिथे ‘उल्बाची खोळी’ म्हणतात. खोळ म्हणजे उशी-गादीची आपण घालतो तीच. हा शब्द वाचला की मला आपलं कापसाचं वावर आठवतं. ऑगस्टात हिरवी कैरी धरलेली असते. एखादं पोरगं कुतूहलाने ती फोडतं. आत काय निघतं? ओला, चिकट, पिवळसर गोळा. ना वात होते ना सूत. तीच कैरी झाडावर राहू दिली की आपोआप चार पाकळ्यांनी उकलते आणि पांढरंशुभ्र बोंड बाहेर लटकतं. टरफल तेच. आधी शत्रू नव्हतं, नंतर मित्र नव्हतं, फक्त वेळ वेगळी.

आणि त्या बोंडातला कापूस तरी काय आहे? सरकीचं पांघरूण. बीजाचं अंगडं. जिनात रुई वेगळी काढतात, सरकी वेगळी, आणि तिच्या अंगावरून उतरवलेलं आपण नेसतो. म्हणून कोणी ‘आवरण म्हणजे माया, आवरण म्हणजे अज्ञान’ असं सरसकट सांगू लागला की मला पटत नाही. वेदान्तात मायेच्या दोन शक्ती सांगितल्यात, आवरण म्हणजे खरं झाकणं आणि विक्षेप म्हणजे भलतंच भासवणं, ते खरंच आहे. आत्म्यावरच्या पंचकोशांचं गणितही खरं आहे. अन्नमयापासून आनंदमयापर्यंत अस्तराखाली अस्तर. पण अस्तर नसलेला कोट अंगावर बसतही नाही.

उघडेपणाचंही तसंच. भागवतात पहिल्याच स्कंधात, चौथ्या अध्यायात एक प्रसंग आहे. शुकदेव नग्न चाललेत, मागून व्यास येताहेत, ते वस्त्र नेसलेले. वाटेत स्त्रिया जलक्रीडा करताहेत. तरुण शुक समोरून गेला, त्यांनी काही केलं नाही. म्हातारे व्यास आले आणि त्यांनी लगबगीने वस्त्रं ओढून घेतली. व्यासांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या दृष्टीत अजून बाई-पुरुष हा भेद आहे, तुमच्या मुलाच्या दृष्टीत नाही. म्हणजे वस्त्र कशावरून ठरलं? नजरेवरून. नागवा तो झाकलेला निघाला आणि नेसलेला तो उघडा पडला.

हीच गोष्ट आपल्या तापीकाठी वेगळ्या तोंडाने सांगतात. मुक्ताईनगर, म्हणजे जुनं एदलाबाद, तिथून जवळच तापी-पूर्णेचा संगम आणि चांगदेवाचं देऊळ. १४०० वर्षांचे योगी म्हणवणारे चांगदेव आणि त्यांची गुरू झालेली लहानगी मुक्ताबाई. कीर्तनात सांगतात की मुक्ताबाई स्नान करत होती, चांगदेव आले आणि मान फिरवून परत निघाले. तेव्हा तिने हटकलं: देहभेद गेला म्हणतोस, मग माघारी का वळलास? ही लोककथा आहे, इतिहास म्हणून कोणी धरू नये. पण यात्रेत ती सांगायला लागलो की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या हसतात आणि मागे उभे असलेले गडी खाली बघतात. चोख बसलेल्या गोष्टीची ती खूण.

याचा अर्थ नग्नता श्रेष्ठ असाही काढू नका. दिगंबर जैन मुनींनी दिशा हेच अंबर मानलं, श्वेतांबरांनी पांढरं वस्त्र ठेवलं. बुद्धाच्या भिक्खूंनी टाकून दिलेल्या चिंध्या जोडून चीवर शिवलं. तिघांनाही सुटायचंच होतं. आणि आपल्याकडे जळगावच्या मे महिन्यात डोकं-तोंड न बांधता बाहेर पडणाऱ्याला कोणी विरक्त म्हणत नाही, वेडा म्हणतात.

आता कोणी घातलं, या प्रश्नाकडे येतो. तुमच्या आजीच्या साडीचं उत्तर माझ्या मते इथेच आहे.

माझ्याकडे पूर्वी नवापूरकडची एक नर्सबाई ब्लाउज शिवायला येत. ख्रिस्ती होत्या. त्यांनी एकदा गमतीने विचारलं, बुवा, बायबलमधलं पहिलं शिवणकाम माहीत आहे का? मग उत्पत्तीचा तिसरा अध्याय सांगितला. आदाम-हव्वेला आपण नग्न आहोत हे कळलं, तेव्हा त्यांनी अंजिराची पानं शिवून कमरेला लावली. तरी देवाची चाहूल लागल्यावर लपलेच. आणि त्याच अध्यायात पुढे, बागेबाहेर काढण्याआधी, देव स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रं करतो आणि घालतो. शिक्षा सुनावून झाली आहे, आणि तोच सुनावणारा अंगावर कपडाही घालतोय! मी मशीनवर पाय थांबवून ऐकत राहिलो. स्वतः लपायला शिवलेलं पान पुरलं नाही; दुसऱ्याने घातलेलं पुरलं.

धुळ्यात यंत्रमागवाल्यांशी माझा अनेक वर्षांचा व्यवहार. तिथल्या एका बुजुर्गांना हे सांगितलं तर ते म्हणाले, कुराणातही आहे. सातव्या सूरेत २६वी आयत: लाज झाकायला आणि शोभेला वस्त्र दिलं, पण तक्वाचा लिबास, म्हणजे ईश्वराचं भान ठेवून वागण्याचं वस्त्र, सर्वांत उत्तम. आणि दुसऱ्या सूरेत नवरा-बायकोंबद्दल म्हटलंय की त्या तुमचं वस्त्र आणि तुम्ही त्यांचं. ‘शिंपीदादा, माणूसच माणसाचा कपडा,’ असं म्हणून त्यांनी माझं बिल शंभर रुपयांनी वाढवलं, ते वेगळं.

आपल्याकडे द्रौपदी. सभापर्वात तिला ओढून आणली तेव्हा ती एकवस्त्रा होती, रजस्वला होती. आम्ही कीर्तनात सांगतो की तिने निरीचा हात सोडून दोन्ही हात वर केले तेव्हा कृष्ण धावला. बोटाला बांधलेल्या चिंधीची गोष्टही सांगतो. हे व्यासांचं नाही, परंपरेचं आहे; सांगताना मी तसं म्हणतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्या मूळ पाठात द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक नाहीत. पण वस्त्रामागून वस्त्र निघत राहणं तिथेही आहे. देणाऱ्याचं नावही नाही, नुसतं येत राहतं. मला तर हा पाठ जास्त भिडतो.

आणि श्रावणात आपण काय करतो ते आठवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खानदेशातली देवी, बसते. काल कोनाड्यात असलेला नारळ. त्याला लुगडं नेसवतात, नथ घालतात, गजरा माळतात, आणि घरातली सून ओल्या डोळ्यांनी त्याच्यासमोर रोटाचं ताट ठेवते. सोमवारी नदीवर निरोप देताना लोक रडतात. वस्त्राने इथे काय झाकलं? काहीच नाही. उलट नेसवल्यावर आई दिसायला लागली. जे डोळ्यांना दिसत नव्हतं त्याला आकार आला. तुमच्या आजीनेही कानबाईला हाताने निऱ्या घातल्या असतील, तेव्हा ‘नारळाला साडी कशाला’ असं तुम्ही विचारलं नसेल.

ताई, आजीच्या अंगावरची माहेरची साडी देहाच्या उपयोगाची नव्हती, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. आजी गेली, तिला ऊन-थंडी नाही. पण जन्मल्यावर तिला पहिलं दुपट्यात गुंडाळलं ते दुसऱ्या कोणी. तिने मागितलं नव्हतं. लग्नात शालू दिला तो दुसऱ्यांनी. दर दिवाळीला भावाची साडी आली, भाऊ गेल्यावर भाच्यांनी पाठवली. शेवटचीही दुसऱ्यांनीच घातली. आत्म्याने वस्त्र टाकलं हे एक सत्य, आणि माणसांनी तिला उघडं जाऊ दिलं नाही हे दुसरं. पहिलं गीतेतून शिकायचं, दुसरं पारोळ्याहून ऊन तुडवत आलेल्या त्या भाच्यांकडून. मात्र बारा साड्यांत माया किती आणि ‘आमचीही दिसली पाहिजे’ किती, हे तुम्ही त्या घरात होता, तुम्हीच जाणा. दिसण्यासाठी टाकलेली साडी अंजिराच्या पानांतच जमा. आमच्या गावाने एक माहेरची आणि एक सासरची, बाकीच्यांनी हात जोडायचे, असं आपसात ठरवलं. सुरुवातीला कुरकुर झाली, आता कोणी काही म्हणत नाही.

राहिल्या ११ साड्या. त्या वापरू नयेत असं काही घरं मानतात, काही घरं नाही मानत. कोणाचं मन खात असेल तर जबरदस्ती करू नका. माझा सल्ला गोधडीचा आहे. पण आत्ता लगेच नको. कोऱ्या साडीला खळ असते, टाका बसत नाही आणि अंगाला टोचते. तीन-चार वेळा साध्या पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. सुती किती आणि सिंथेटिक किती ते वेगळं काढा. सिंथेटिक घसरते, ती मध्ये घालू नका. मध्ये सुती, शक्यतो आजीची नेसलेली जुनी लुगडी मिळाली तर तीच, आणि कोरी वर-खाली. कडेला आधी कच्चा टाका घालून चारही कोपरे बांधून घ्या, मग आतून धावदोरा. दोरा दुहेरी, आणि टाके बोटाच्या पेरापेक्षा लांब नको, नाहीतर पोरांच्या पायाच्या बोटांत अडकतात. आमच्या धंद्याचे आद्य, नामदेवराय, सोन्याची सुई आणि रुप्याचा दोरा म्हणून गेले. शिखांच्या गुरुग्रंथात ते पद आहे. आपल्याला आठ नंबरचा सुती दोरा पुरे.

माहेरची साडी या अकरांत असेल, तर तिचा काठ मात्र कापू नका. तो दुमडून डोक्याकडच्या बाजूला घ्या.